रामदास बोट आणि एक जाहीर नोटीस

आमचे गाव अलिबाग तालुक्यातले, रेवसच्या धक्क्यापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. आमच्या त्या पट्ट्यात 'रामदास'ची आठवण नसलेले घर सापडणे कठीण. १७ जुलै १९४७, गुरुवार. सकाळी आठच्या सुमारास मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून ही बोट रेवसला निघाली आणि अर्ध्या-पाऊण तासात काशाच्या खडकाजवळ उलटली. दिव्याची अवस होती, चाकरमानी घरी निघाले होते. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती, त्यामुळे इतक्या जवळ घडलेली गोष्ट मुंबईला कळायला काही तास लागले. स्वातंत्र्याला तेव्हा महिनाही उरला नव्हता.

'धाकटे आजोबा रामदास बोटीत गेले,' हे वाक्य मी कळायला लागल्यापासून ऐकत आलो. धाकटे आजोबा म्हणजे माझ्या आजोबांचे सख्खे धाकटे भाऊ. गिरगावात एका दुकानात कारकून होते. बायको आणि दोन वर्षांची मुलगी गावी. ती मुलगी म्हणजे माझी आत्या. तिची आई, आमची धाकटी आजी, पांढऱ्या कपाळाने त्या घरात राबली आणि १९९१ मध्ये गेली. दर दिव्याच्या अवसेला ती घरातले सगळे दिवे घासूनपुसून पाटावर मांडायची, पूजा झाली की त्यातला एक उचलायची आणि खाडीच्या बाजूच्या ओट्यावर नेऊन ठेवायची. तिच्यामागे आत्या ठेवते. आत्या आता ऐंशीची आहे. पुढे जे सांगणार आहे ते तिला विचारून सांगतो आहे.

बँकेतून निवृत्त झाल्यावर पुष्कळांना सुचते तेच मला सुचले, घराण्याची वंशावळ करावी. माळ्यावरची ट्रंक उघडली. अर्धे कागद मोडीत. मोडी येणारे आमच्या घरातले शेवटचे माणूस म्हणजे आजोबा, ते सत्तरच्या दशकातच गेले. एका जाणत्या ग्रंथपालांनी तेव्हा मला सांगितले, "मोडी शिका, जरूर शिका. पण तोवर जुनी वर्तमानपत्रे चाळा. ती बाळबोधीत छापलेली आहेत, तुम्हाला आजच वाचता येतील." हा सल्ला इतका सरळ होता की तो आधी का सुचला नाही याचे नवल वाटले.

वर्तमानपत्र म्हटले की आपल्यासमोर मोठी नावे येतात. बाळशास्त्री जांभेकरांचे १८३२चे 'दर्पण', १८४९ साली पुण्यात सुरू झालेला 'ज्ञानप्रकाश', १८८१चा 'केसरी'. आणि आपण समजतो की आपले आजे-पणजे काही लोकमान्य नव्हते, त्यांचे नाव तिथे कशाला येईल? अग्रलेखात येणार नाही, हे खरे. पण तिसऱ्या-चौथ्या पानावर खाली, बारीक टायपात, येण्याचा संभव पुष्कळ असतो. परीक्षांचे निकाल, एखाद्या फंडाला चार आणे दिल्याची पोच, बदल्या-बढत्या, कोर्टाच्या नोटिसा, दुकान हलवल्याची जाहिरात, 'मुलगा हरवला आहे', 'माझ्या मुलाच्या कर्जास मी जबाबदार नाही'. माणूस आयुष्यात एकदा तरी पैशाच्या, परीक्षेच्या किंवा भांडणाच्या निमित्ताने छापून येतोच, असे मला आता वाटू लागले आहे.

अर्थात कोणाचा माणूस छापून येई, यालाही जात आणि ऐपत होती. ज्यांची नावे इतरांच्या पत्रांत येत नव्हती त्यांना स्वतःची पत्रे काढावी लागली. १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' काढला, १९२० साली डॉ. आंबेडकरांनी 'मूकनायक'. आपले घराणे कोणत्या पत्रात सापडेल याचा विचार करताना हा इतिहास ध्यानात ठेवावा लागतो. बायकांचे तर विचारूच नका. बहुतेक ठिकाणी त्या 'अमक्यांची पत्नी', 'तमक्यांची मातोश्री'. गंमत म्हणजे त्यांचे स्वतःचे नाव हटकून सापडते ते कोर्टाच्या नोटिशीत. तिथे 'कोम' म्हणजे अमक्याची बायको, हा शब्द येतो. पण त्याच्या आधी बाईचे नाव लिहावेच लागते. मला माझ्या पणजीचे नाव असे एका दाव्याच्या नोटिशीत मिळाले. घरात ते कोणालाच ठाऊक नव्हते.

नाव छापून येणे ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती, हेही लक्षात घ्यायला हवे. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतलेल्या मंडळींची नावे गोपाळराव जोशांनी 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली. त्यात न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. चहाचा कप एकीकडे राहिला आणि छापलेल्या यादीवरून ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. चहा प्यायल्याचा बोभाटा झाला नसता तर कदाचित निभावूनही गेले असते. यादीने ते अशक्य केले.

आता पद्धतीबद्दल थोडे. आपल्या घरांत मरणाची तारीख सांगत नाहीत, तिथी सांगतात. वर्तमानपत्र मात्र तारखेने लावलेले असते. म्हणून जुन्या पंचांगाशिवाय हे काम होत नाही. शकात चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९. शिवाय अधिक महिना पाहायचा. शके १८६९ मध्ये, म्हणजे 'रामदास' बुडाली त्या वर्षी, आषाढ अमावास्येनंतर अधिक श्रावण आला होता. हे ध्यानात घेतले नाही तर गणपतीची तारीख काढताना महिनाभराची चूक होते. मी ती केली आणि चार दिवस चुकीची फाइल उलटत बसलो.

श्राद्धाचा दिवस हाही पुरावाच असतो. धाकट्या आजोबांचे पान आमच्याकडे सर्वपित्रीला वाढत. अमावास्येला गेलेल्यांचे पक्षश्राद्ध सर्वपित्री अमावास्येला होते, तेव्हा 'रामदास'शी हे जुळत होते. मी वहीत तसे लिहूनही ठेवले: जुळते. पण ज्याच्या मृत्यूची तिथी ठाऊक नाही त्याचेही श्राद्ध त्याच दिवशी करतात, ही गोष्ट मला माहीत असून मी तिच्याकडे पाहिले नाही. ऐकलेली कथा खरी धरूनच मी पुरावा गोळा करत होतो.

मुंबईच्या एका जुन्या ग्रंथालयात १९४७च्या फायली उघडल्या. आता काही ठिकाणी जुने अंक संगणकावर आले आहेत, पण जुन्या मराठी टायपात एखादे नाव शोधायला सांगावे तर यंत्र अजून गोंधळते. पाने स्वतः उलटणेच खरे. कागद पिवळा पडून पापडासारखा झालेला, कडा कसरीने खाल्लेल्या, बांधणीत आतला अर्धा रकाना गेलेला. काही पानांवर तर ब्लेडने नेमकी चौकट कापून नेलेली. कोणीतरी आपल्या आजोबांची बातमी घरी नेली असणार! अशा माणसाचा मला राग येतो, आणि थोडे समजूही शकतो.

बोटीच्या बातम्या वाचवत नाहीत. आठवडाभर मी त्या वाचल्या. धाकट्या आजोबांचे नाव कुठे आले नाही. पण नाव नसणे म्हणजे माणूस नसणे नव्हे. रेवसच्या बोटीचे तिकीट काढताना कोणी नाव-गाव लिहून घेत नसे. जे किनाऱ्याला लागले नाहीत, ज्यांची चौकशी करायला मुंबईत कोणी नव्हते, ते यादीत कुठून येणार? मी पुन्हा वहीत लिहिले: नाव नाही, तरी शक्य.

तिथेच थांबलो असतो. ग्रंथपालांनी थांबू दिले नाही. ते म्हणाले, "मृत्यूची बातमी त्या आठवड्यात शोधायची, आणि मिळकतीची भानगड सहा महिन्यांनी. दोन्ही पाहा." मी खरे तर बोटीच्या चौकशीचे काही सापडते का हे पाहत पुढे जात होतो. जानेवारी १९४८च्या एका अंकात, केसांच्या तेलाची जाहिरात आणि नाटकाची जाहिरात यांच्या मध्ये, अकरा ओळींची जाहीर नोटीस होती. खाली माझ्या आजोबांचे नाव, गाव, तालुका.

वर्तमानपत्राचे नाव सांगत नाही, कारण त्यावरून घर ओळखता येईल. मजकूर थोडक्यात असा: सर्व लोकांस कळविण्यात येते की, आमचे कनिष्ठ बंधू मुंबई मुक्कामी असून त्यांनी गेल्या भाद्रपदात आमच्या एकत्र कुटुंबाच्या वाडीवर एका सावकाराकडून रक्कम उचलल्याचे समजते, सदर व्यवहारास आमची संमती नाही, त्यांना मिळकत गहाण टाकण्याचा वा विकण्याचा अधिकार नाही, त्यांच्याशी व्यवहार करणाराने तो आपल्या जबाबदारीवर करावा. त्यांची पत्नी व एक अपत्य आमचेजवळ आहेत.

मी गेल्या भाद्रपदाची तारीख काढली. त्या वर्षी गणपती सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात होते. बोट बुडाली जुलैत. म्हणजे धाकटे आजोबा बोट बुडाल्यानंतर दोन महिन्यांनी मुंबईत पैसे उचलत होते. आणि माझ्या आजोबांना ते निदान जानेवारीपासून ठाऊक होते.

पहिल्यांदा मी स्वतःलाच उलटतपासणी केली. नाव सारखे असलेला दुसरा कोणी असेल. पण गाव तेच, वाडीच्या चतुःसीमा त्याच. उत्तरेच्या शेजाऱ्याचे आडनावसुद्धा आजचेच. छापण्यात चूक असेल, जुनी नोटीस पुन्हा छापली असेल. म्हणून मागचे-पुढचे अंक पाहिले. आठ दिवसांनी हीच नोटीस पुन्हा आलेली होती. दोनदा पैसे भरून दिलेली नोटीस चुकून छापली जात नाही. त्याच जिल्दीत थोड्या पानांनंतर गांधीजींच्या हत्येच्या बातम्या सुरू होतात. त्या मी त्या दिवशी नुसत्या उलटल्या.

वर्तमानपत्रात एखादी गोष्ट सापडली की ती दुसऱ्या कागदाशी ताडून पाहायची, हा नियम. मी गावच्या जमिनीचे जुने फेरफार काढले. माणूस मेला की त्याच्या वारसांची नोंद होते. धाकट्या आजोबांच्या नावापुढे अशी वारस नोंद कधी झालेलीच नाही. १९५६ सालचा एक फेरफार आहे. आजोबांच्या जबाबावरून, धाकट्या भावाचा सात वर्षांहून अधिक काळ ठावठिकाणा नाही, मिळकत आपल्याच वहिवाटीत आहे, असे त्यात लिहून त्यांचे नाव कमी केले आहे. सात वर्षांचा आकडा कुठून आला, हे वकिलांना सांगायला नको. १८७२च्या पुरावा कायद्याच्या १०८व्या कलमात तो होता: सात वर्षे ज्याची खबरबात नाही, तो हयात आहे असे म्हणणाऱ्यानेच ते सिद्ध करायचे.

म्हणजे ओटीवर येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगताना ते बोटीत गेले होते, आणि सरकारी कागदावर ते बेपत्ता होते. धाकटी आजी घरात विधवा होती आणि कागदावर नव्हती. घरात विधवा असल्यामुळे तिला कुंकू, काकणे, हळदीकुंकवाचे बोलावणे, काही उरले नाही. कागदावर विधवा नसल्यामुळे वारस म्हणून तिचे नाव कुठेच लागले नाही. मी हे लिहितो आहे ते माझ्या आजोबांबद्दल. मला पोहायला त्यांनीच शिकवले.

त्यांची बाजूही मांडून पाहिली. भाऊ सावकाराच्या हाती वाडी घालत होता. एकट्याच्या जिवावर दहा माणसांचे घर चालले होते. नोटीस देणे गरजेचेच होते. जुलैत भाऊ बुडाला असे सगळ्यांना खरेच वाटले असेल. दरवर्षी शंभर चुली पेटणाऱ्या त्या गावात त्या आठवड्यात किती पेटल्या नाहीत, हे ऐकलेला कोणीही हे समजेल. पुढे तो जिवंत आहे असे कळल्यावर, बायकोला टाकून गेला असे सांगण्यापेक्षा बोटीत गेला असे सांगणे बरे, असे त्यांना वाटले असेल. आमच्याकडे मुंबईत हरवलेला माणूस बोटीत जायचा किंवा १९४४च्या धक्क्याच्या स्फोटात जायचा. त्यात अब्रू जात नसे.

आत्याला सांगावे की नाही, याचा निर्णय मला दोन महिने झाला नाही. बायको म्हणाली, "ऐंशीव्या वर्षी तिचे वडील तिच्याकडून का काढून घेता?" मुलगा म्हणाला, "तिचेच वडील आहेत, तुम्ही कोण लपवणार?" दोघांचेही बरोबर. शेवटी गणपतीत गावी गेलो तेव्हा झेरॉक्स बरोबर घेतली. आत्याने चष्मा लावून अकरा ओळी दोनदा वाचल्या. मग म्हणाली, "हे कुठल्या महिन्यातलं?"

"जानेवारी. अठ्ठेचाळीसचा."

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आई सांगायची, अंग काही मिळालं नाही म्हणून वर्षभर वाट पाहिली. कुंकू ठेवलं होतं. वर्ष भरलं तेव्हा, पुढच्या अवसेला, भाऊजींनी सांगितलं, आता पुरे. त्या दिवशी पुसलं."

भाऊजी म्हणजे माझे आजोबा. पुढची दिव्याची अवस १९४८च्या ऑगस्टच्या सुरुवातीला होती. नोटीस जानेवारीतली. आत्याने बोटांवर महिने मोजले. मी मोजले नाहीत, मी ते ग्रंथालयातच मोजायला हवे होते. पण कुंकू केव्हा पुसले हे मला माहीत नव्हते आणि ते कुठल्याही वर्तमानपत्रात छापलेले नव्हते. ते तिच्याकडेच होते. तिने ते इतकी वर्षे सांगितले नव्हते, कारण तिला कोणी विचारले नव्हते. मीसुद्धा वंशावळ करताना तिला वडिलांची जन्मतारीख विचारली, आईचे माहेर विचारले, पण हे विचारले नाही.

"ह्यात आईचं नाव नाही," एवढेच ती नंतर म्हणाली. मग तिने ती झेरॉक्स मागून घेतली. वर वर्तमानपत्राचे नाव आणि तारीख दिसेल अशी पूर्ण पानाची हवी, म्हणाली. मी नुसती नोटिशीची चौकट काढून आणली होती. ही चूक माझ्यासारखे नवशिके नेहमी करतात. पान क्रमांक आणि तारखेशिवाय कात्रणाला किंमत नसते. आत्या चौथीपर्यंत शिकलेली आहे, पण कागद कसा धरावा हे तिला माझ्यापेक्षा चांगले कळते. पुढच्या खेपेला मी पूर्ण पान नेऊन दिले. नाटकाची आणि तेलाची जाहिरातही तिने वाचली.

खाडीच्या बाजूला दिवा ठेवणार का, असे मी तिला विचारले नाही. यंदाच्या अवसेला मी गावी होतो. तिने दिवे मांडले, पूजा केली, आणि एक दिवा उचलून ओट्यावर नेऊन ठेवला. तो कोणासाठी, हे तिने सांगितले नाही.

वाडीचा विषय अजून आमच्या दोघांत निघालेला नाही. त्या वाडीचे नारळ आणि पांढरा कांदा माझ्या घरी येतो, तिला मी त्यातला वाटा पाठवतो, आणि 'वाटा' हा शब्द आम्ही दोघेही सहज वापरत आलो. सातबारावर माझे आणि माझ्या भावांचे नाव आहे. तो विषय मलाच काढावा लागेल, आणि भावांशी आधी बोलावे लागेल. एकाशी बोललो आहे. दुसरा फोन उचलत नाही.

मधल्या काळात मी पुढचे अंक पाहतो आहे. धाकटे आजोबा १९४८ नंतर कुठे गेले, हे आत्याला हवे आहे. दर मंगळवारी ग्रंथालयात जातो, दिवसाला साधारण दोन आठवड्यांचे अंक होतात. निधनवार्ता, नोटिसा, हरवले-सापडले, कोर्ट. एकाच नावाची दोन माणसे आतापर्यंत मिळाली. दोन्ही आमची नव्हेत. १९५१ साल गेल्या महिन्यात संपले. १९५२ची पहिली जिल्द बांधणीला दिली आहे. ती आली की फोन करतो, असे ग्रंथपाल म्हणाले आहेत.